दोन व्होल्ट

"एकशे चाळीस," मल्टीमीटरकडे बघत मी म्हणाले.

कॉटवर उशांना टेकून बसलेले अण्णा हसले. "शाळेत पोरास्नी पस्तिसाला पास करतीस, नले. आन् हितं एकशे चाळीस पडून बी नापास?"

हसण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती. हसता हसता खोकला लागला, खोकल्यात दम अडकला. माझी भावजय कुसुम पिठाच्या हातांनीच धावत आली आणि त्यांची पाठ चोळू लागली. तेवढ्यात स्टॅबिलायझरने टक् केलं, त्याचा लाल दिवा लागला आणि कॉटशेजारचं ऑक्सिजनचं मशीन केविलवाणी शिटी मारून गप्प बसलं. कुसुमने सिलिंडरची चावी फिरवली. तिच्या हाताला आता त्याची सवय झाली होती.

ते मशीन खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीने अण्णांच्या नाकात सोडायचं. त्याला दोनशे तीस व्होल्ट लागत. आमच्या गल्लीत तेवढे मिळणं म्हणजे उन्हाळ्यात गारांची वाट बघणं, म्हणून मध्ये स्टॅबिलायझर बसवला होता. पडलेलं व्होल्टेज तो उचलून वर न्यायचा, पण दीडशेपर्यंतच. त्याखाली गेलं की तोही हात टेकायचा आणि मशीन बंद. सिलिंडर मिरजेहून भरून आणावा लागे आणि तो अर्धा दिवसही पुरत नसे. इन्व्हर्टरही आणून झाला होता. एकशे चाळीसवर त्याची बॅटरी धड भरायचीच नाही. थोडक्यात, दहा व्होल्टांपायी माझ्या बापाचा जीव टांगणीला लागला होता.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी तेव्हा साताऱ्याकडच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होते आणि मेच्या सुट्टीत माहेरी आले होते. माहेर म्हणजे यंत्रमागांचं गाव. डीपीपासून, म्हणजे रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपासून, निघालेली तार सगळी गल्ली ओलांडून शेवटी आमच्या दाराशी यायची. ती ओढली तेव्हा गल्लीत मोजून दहा माग होते. आता चाळीस झाले होते आणि तार तीच होती. नव्या डीपीचा अर्ज करून विलास, माझा धाकटा भाऊ, वीजमंडळाच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवून दमला होता. "मंजूर आहे," एवढं ते सांगायचे. मंजूर कशाला म्हणतात ते आम्हाला कधी कळलं नाही.

अण्णा जॉबर होते. जॉबर म्हणजे माग बिघडला की तो उघडून, ठोकून, त्याला चार शिव्या घालून पुन्हा चालता करणारा माणूस. गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक मागाला त्यांचा हात लागलेला. जन्मभर कापसाची धूळ छातीत ओढून फुप्फुसं पार निकामी झाली होती. "आता दवाखान्यात आणू नका," डॉक्टर म्हणाले होते. "घरीच ठेवा. ऑक्सिजन अखंड मिळाला तर काही महिने काढतील, वर्षभरही काढतील. नाही मिळाला तर..." पुढचं वाक्य त्यांनी कागदावर औषध लिहीत गिळलं. माझ्याकडे चला म्हणून मी अण्णांच्या विनवण्या केल्या. ते म्हणाले, "तुझ्या गावात माग न्हाईत. शांततेनं मला झोप लागत न्हाई. आन् एवढ्या वाटंत मी मेलो तर तुझ्या पदरात मढं यायचं, ते बी यष्टीत."

माग रात्रंदिवस चालत. आठवड्यातून एक दिवस ते थांबायचे, पण त्या दिवशी सगळ्या भागाचीच वीज बंद असायची. म्हणजे माग होते तेव्हा व्होल्टेज नव्हतं आणि माग नव्हते तेव्हा वीजच नव्हती. हा असला विनोद देवालाच सुचतो.

मी स्वस्थ बसणारी नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्माईल वायरमनला घेऊन डीपीपाशी गेले. त्याने तारेभोवती टाँगटेस्टरचा चिमटा लावला.

"ऐंशी अँपिअर, ताई."

"तिन्ही तारांवर?"

"थोडं मागंपुढं. आन् हितलं व्होल्टेज दोनशे वीस."

रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसून मी गणित मांडलं. डीपीशी दोनशे वीस, आमच्या दारात एकशे चाळीस. मधले ऐंशी व्होल्ट तारेने खाल्ले. विभवांतर भागिले विद्युतधारा बरोबर रोध, दहावीच्या पोरांकडून दरवर्षी घोकून घेतलेलं. ऐंशी भागिले ऐंशी. एक. तारेचा रोध एक ओहम!

परीक्षेच्या पेपरात असं गोल उत्तर आलं की पोरांना बरं वाटतं. मलाही क्षणभर वाटलं, खोटं कशाला बोलू? एक ओहम म्हणजे एक अँपिअर वाढला की दारात एक व्होल्ट कमी. आणि एका मागाला साधारण दोन अँपिअर लागत. खरं तर मोटारीचं गणित एवढं सरळ नसतं आणि माग तारेवर वाटेत ठिकठिकाणी बसलेले. पण ढोबळ हिशेब बरोबर होता, पुढे तो पडताळूनही झाला. एक माग, दोन व्होल्ट.

मग मी शक्तीचा हिशेब केला आणि माझं बरं वाटणं तिथेच संपलं. धारेचा वर्ग गुणिले रोध. ऐंशी गुणिले ऐंशी, सहा हजार चारशे वॅट. एवढी वीज त्या प्रत्येक तारेत नुसती तार तापवण्यात जळत होती. कुणाचं कापड तिच्यावर विणलं जात नव्हतं, कुणाचा दिवा लागत नव्हता. अण्णांच्या मशीनला साडेतीनशे वॅट पुरत होते.

"काय निघालं?" इस्माईलने विचारलं.

"पाच माग थांबले तर अण्णा जगतील."

इस्माईल खाली बघून चिमटा पिशवीत घालू लागला. "गणित सोपं हाय, ताई," तो म्हणाला.

घरी येऊन मी विलासला कागद दाखवला. त्याचे चार माग घराला लागूनच्या शेडमध्ये होते. ते चालू असले की अण्णांची कॉट थरथरायची. त्याने कागद वाचला, परत दिला आणि शेडमध्ये गेला. एकेक खटका पडत गेला. चारही माग उभे राहिले. कामगाराला त्याने घरी जायला सांगितलं तेही मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. कुसुम चुलीपाशी होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. चार माग बंद म्हणजे घरातली चूल कशावर पेटायची, हे विचारायचा तिला हक्क होता, पण ती पुन्हा चुलीकडे वळली.

मी मीटर लावला. एकशे अठ्ठेचाळीस.

"किती कमी पडतंय, आक्का?" दारातून विलासने विचारलं.

"दोन व्होल्ट."

"म्हंजे एक माग."

"एक. सुरक्षित म्हणून दोन धर."

पाळी बदलते त्या वेळी गल्लीतले मागवाले तातोबा खारग्यांच्या शेडपुढे चहाला जमत. तातोबा अण्णांचे जुने दोस्त, गल्लीत त्यांचा शब्द चाले. मी तिथे जाऊन खडूने शेडच्या दारावर गणित मांडलं, शाळेत मांडते तसं. सगळ्यांनी नीट ऐकलं. पोरांपेक्षा बरे विद्यार्थी होते. प्रत्येकाला आपल्या मागाचे अँपिअर ठाऊक होते आणि जळालेल्या मोटारींचा अनुभवही.

"विलासनं आपले चारी उभे केले?" तातोबांनी विचारलं.

"केले."

"मग आमी दोन उभे करू शकत न्हाई व्हय?" ते बाकीच्यांकडे वळले. "अरं, अण्णा नसता तर तुमच्या बापजाद्यांचे माग भंगारात गेले असते. पाळी लावू. रोज एका शेडचे दोन माग बंद. पयली पाळी माझी."

कुणी नाही म्हटलं नाही. एकाच्या तर डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. त्या दिवशी मीटर एकशे बावन्नवर गेला, स्टॅबिलायझरचा हिरवा दिवा लागला आणि मशीन अखंड चालू लागलं.

पुढचे काही दिवस आठवले की अजून बरं वाटतं आणि लगेच वाटेनासं होतं. अण्णांच्या ओठांवरचा निळेपणा गेला. त्यांनी दाढी करून घेतली, नाचणीच्या आंबिलीला नावं ठेवली, कुसुमकडून झुणका करवून घेतला. एकदा तर विलासला हाक मारून बंद मागांना तेल दे म्हणून दटावलं. "उभा माग गंजतो," ते म्हणाले, "आन् बसलेला माणूस बी."

तातोबांची पाळी फिरून आली त्या दिवशी दुपारी ते भेटायला आले. टोपी काढून कॉटशेजारी बसले. इकडचं तिकडचं झालं. मग गुडघे चोळत राहिले.

"काय हाय, तातोबा?" अण्णांनी विचारलं. "जॉबरपाशी माग आन् दोस्तापाशी पोट लपत न्हाई. बोल."

"काय न्हाई, अण्णा. सुताचा एक बीम संपवायचा हुता. गिऱ्हाईक दारात येऊन बसलंय. आज नेमकी माझी पाळी."

"मग लाव की चालू!"

"अण्णा," मी म्हणाले, "तुम्ही गप्प बसा बघू."

"का गप्प बसू? जन्मभर लोकांचे माग चालू केले मी. आता माझ्यापायी ते उभे ऱ्हायचे? मी जॉबर हाय का मागांचा वैरी?"

तातोबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, ती असती तर मला भांडता आलं असतं. "एकच माग लावतो, नलू. दुसरा बंदच. तूच सांगितलंस, एका मागाला दोन व्होल्ट. एकशे बावन्नातनं दोन गेले तर दीडशे ऱ्हात्यात. मशीन दीडशेवर चालतंय. बरूबर का न्हाई?"

बरोबर होतं. माझ्याच खडूने मांडलेलं होतं.

त्यांचा माग सुरू झाला. मशीन चालू राहिलं, पण स्टॅबिलायझर अधूनमधून टकटक करू लागला. दुसऱ्या दिवशी ज्यांची पाळी होती त्यांनीही एकच माग बंद ठेवला. तातोबाने एक लावला, मग आम्ही का नाही? त्यानंतर पाळी ज्यांची आली, ते दारात उभे राहून मला म्हणाले, "मास्तरीणबाई, पोरीचं लगीन तोंडावर आलंय. एवढा एक दिवस दुसरा बी लावतो. दोन व्होल्टानं माणूस मरतंय व्हय?"

मी सूत्रं शिकवते. या प्रश्नाला सूत्र नव्हतं. दोन व्होल्टांनी माणूस मरत नाही हे खरं; आणि प्रत्येकाकडे दोनच होते.

मीटर एकशे अठ्ठेचाळीसवर आला. मशीन बंद पडलं. कुसुमने सिलिंडरची चावी फिरवली.

मी गल्लीत दारोदार फिरले. माझी चप्पल तुटली, आवाज बसला. शेडच्या खडखडाटात ओरडून बोलावं लागायचं. माझ्या बापाचा श्वास मी भाजी विकावी तसा ओरडून मागत होते. प्रत्येकाने आत बोलावलं. प्रत्येकीने चहा ठेवला. अण्णांना खायला म्हणून कुणी शेवया दिल्या, कुणी घरचं तूप. माझं गणित सगळ्यांना पटत होतं आणि आपल्याआधी ते शेजाऱ्याने मानावं असं प्रत्येकाला वाटत होतं. "त्याला सांगून बघा की, त्याचे आठ हाईत." आठवाल्याकडे गेले तर तो म्हणाला, "माझ्या आठातला एक बंद करून काय हुतंय? चार शेडवाल्यांनी मनावर घ्याय पायजे." खोटं कुणीच बोलत नव्हतं. मला संताप यायचा तो याच गोष्टीचा.

पाळी फिरून तातोबांवर आली तेव्हा परत त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, "माझा एक अजून बंद हाय, नलू. माझ्या वाटणीचा मी पाळतोय." तेही खरंच होतं. संध्याकाळी तोही चालू झाल्याचं मला आवाजावरून कळलं नाही, मीटरवरून कळलं.

शेवटी गल्लीत फक्त विलासचे चार उभे राहिले.

त्या सकाळी सिलिंडर संपत आला होता. विलास मिरजेला निघाला होता, पण अंगणात तसाच उभा राहिला. मग माझ्याजवळ आला.

"आक्का, आता किती हाय?"

"एकशे सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस. हलतंय."

"आन् माझे चालू केले तर?"

मला त्याचा रोख कळला. "एकशे चाळीस."

"दोन्हीकडं मशीन बंदच."

"विलास..."

"न्हाई, तू हिशेब सांग. माझे बंद ठेवले तर मशीन बंद. चालू केले तरी बंद. मग मी हे चार कुणासाठी उभे केल्यात?" त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "घरात दाणा न्हाई, आक्का. कुसुम दोन दिवस नुसत्या चहावर हाय, ते तुला तिनं सांगितलं न्हाई. सिलिंडर बी फुकट भरत न्हाईत."

मी डोक्यात पुन्हा एकदा बेरीज-वजाबाकी करून बघितली. कुठे तरी चूक सापडावी, असं कुठल्याही पेपराच्या वेळी मला वाटलं नव्हतं. चूक नव्हती. त्याचं उत्तर बरोबर होतं, पैकीच्या पैकी.

"लाव," मी म्हणाले.

कामगाराला बोलावून घेऊन त्याने खटके वर केले. चार माग एकदम सुरू झाले आणि कॉट थरथरू लागली. त्या धडधडीने अण्णांनी डोळे उघडले. त्यांना बोलायला आता एका शब्दाला दोन श्वास लागत होते.

"इलासचे... चालू झाले न्हवं?"

"हो, अण्णा."

"झ्याक झालं." त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं समाधान होतं. "पयल्या मागाचा... पट्टा सैल हाय. सांग त्याला."

मला त्यांच्या समाधानाचा राग आला. बापाचा राग येण्याची ती वेळ नव्हती, पण आला. जगायची भीड ज्याला वाटते, त्याच्यासाठी भांडायचं तरी कसं?

विलास सिलिंडर आणायला गेला. तो मिरजेच्या अर्ध्या वाटेवर असेल, तेवढ्यात घरातला सिलिंडर संपला. मी मशीनचं बटण पुन्हा पुन्हा दाबत होते, कुसुम पदराने वारा घालत होती, आणि अण्णा हवेसाठी तोंड उघडत होते. खोलीत हवा भरपूर होती. त्यांच्या कामाची नव्हती. मशीनने एकदा सुरू व्हायचा प्रयत्न केला, शिटी मारली आणि लाल दिवा लागला. अण्णांची माझ्या मनगटावरची पकड घट्ट झाली, मग ढिली झाली. कॉट थरथरत होती म्हणून ते गेलेले मला लगेच कळलंही नाही. कुसुमला आधी कळलं. तिने हंबरडा फोडला.

मागांच्या खडखडाटातूनही तो हंबरडा शेजारी ऐकू गेला. बायका आल्या. पाठोपाठ तातोबा आले, अण्णांच्या पायांवर डोकं ठेवून लहान पोरासारखे रडले, आणि डोळे पुशीत बाहेर गेले.

आमच्या गल्लीत एक रिवाज आहे. कुणाच्या घरी मयत झालं की तिरडी उठेपर्यंत माग चालवायचा नाही. मग ते सावकाराचं असो की हमालाचं, गिऱ्हाईक दारात असो की लग्न तोंडावर. मेलेल्या माणसापुढे धोटा फेकू नये, असं जुने लोक म्हणतात. ते कुणाला सांगावं लागत नाही, त्याची पाळी लावावी लागत नाही. तातोबांनी रस्त्यात उभं राहून नुसता हात वर केला.

आधी समोरची शेड थांबली. मग तिच्या शेजारची. खडखडाट गल्लीच्या त्या टोकापर्यंत एकेका दाराने विझत गेला. विलासची शेड कामगाराने बंद केली आणि अण्णांची कॉट स्थिर झाली. वीज असताना आमची गल्ली एवढी शांत मी जन्मात ऐकली नव्हती. रस्त्यातल्या माणसांची चप्पल वाजलेली कळत होती.

त्या शांततेत स्टॅबिलायझरने टक् केलं.

हिरवा दिवा लागला. मशीन घरघरलं, त्याने लय धरली, आणि अण्णांच्या नाकातून काढून उशीवर ठेवलेल्या नळीतून ऑक्सिजन सूं-सूं बाहेर येऊ लागला. बटण बंद करायचं भान आम्हा दोघींनाही राहिलं नव्हतं. भिंतीला लटकणारा मीटर दोनशे वीस दाखवत होता.

खोलीतल्या सगळ्या बायका रडायच्या थांबून मशीनकडे बघू लागल्या. कुसुम बटणाकडे गेली. पण दारात विलास आला होता, खांद्यावर भरलेला सिलिंडर घेऊन. त्याने मशीन ऐकलं. क्षणभर त्याचा चेहरा उजळला, मशीन चालू आहे म्हणजे अण्णा आहेत असं त्याला वाटलं. मग त्याने आम्हा सगळ्यांकडे बघितलं.

"बंद करू नको," तो कुसुमला म्हणाला. सिलिंडर त्याने हळूच जमिनीवर टेकवला, जणू कुणी झोपलेलं जागं होईल.

तातोबा त्याच्या मागून आत आले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"रडू नको, नलू," ते म्हणाले. "बापाचा मान बघ. सगळी गल्ली थांबली त्याच्यासाठी. चाळीसच्या चाळीस माग. एकानं बी कुरकुर केली न्हाई."

ते अगदी मनापासून बोलत होते. मी मान हलवली.

तिरडी बांधून व्हायला बराच वेळ लागला. लांबचे नातेवाईक यायचे होते, पोरं बांबू आणायला गेली होती. त्या सगळ्या वेळात गल्लीत एकही माग सुरू झाला नाही, आणि मशीन एकदाही बंद पडलं नाही.